दवाखान्यांतील समता आणि कायदा



लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चाकूर हें तालुक्याचें गांव लागतें. ह्या तालुक्यांत रेल्वेचें एक जंक्शन आहे, त्याचें नांव लातूर रोड. नवखा उतारू पाटी वाचून ‘आलें लातूर’ म्हणून सामान खालीं उतरवितो, आणि खरें लातूर अजून बरेंच दूर आहे हें त्याला फलाटावर कोणीतरी सांगतें. ही गंमत आठवण्याचें कारण एवढेंच, कीं ह्या भागांतील आजारी माणसाच्या वांट्याला जें वाक्य पुष्कळदां येतें तें म्हणजे, “ह्यांना लातूरला घेऊन जा.”

हें वाक्य बहुतेक वेळां प्रामाणिक असतें. लहान गांवच्या दवाखान्यांत रक्ताची सोय नसते, भूल देणारा डॉक्टर रोज हजर असतोच असें नाहीं. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तज्ज्ञ आहेत. अवघड बाळंतपण वेळेवर पुढें पाठविणें हें त्या बाईवर उपकारच होत. परंतु ह्याच वाक्याचा दुसराहि एक उपयोग आहे. रोग्याची जात, त्याचा धर्म, त्याच्या अंगावरील चट्टा किंवा रक्ततपासणीचा कागद पाहून ज्याला हात लावणें नकोसें वाटतें, त्यालाहि हेंच वाक्य ऐकवितां येतें. तोंडावर ‘नाहीं’ म्हणण्याला थोडें तरी धाडस लागतें. ‘लातूरला न्या’ म्हणण्याला कांहीं लागत नाहीं. डॉक्टर, परिचारिका आणि दवाखान्यांतील इतर मंडळी ह्यांना समतेचा कायदा काय सांगतो, हें समजून घ्यावयाचें तर ह्या दोन वाक्यांतील अंतर ओळखतां आलें पाहिजे. आज मी त्याविषयींच बोलणार आहें.

पूर्वी हें अंतर ओळखण्याची गरज नव्हती, कारण नकार उघड असे. काठेवाडांतील एका अस्पृश्य शिक्षकाचें पत्र १९२९ च्या डिसेंबरांत ‘यंग इंडिया’ पत्रांत छापून आलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पुढें आपल्या आठवणींत त्याचा समावेश केला. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांनीं आजारी पडली. छाती भरून आली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तींत येईना. गांवांतील बड्या मंडळींनीं रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हां तो आला. परंतु रोग्याला वस्तीबाहेर आणावें ह्या अटीवर. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह बाहेर आणली गेली. डॉक्टरानें थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातीं दिला, त्यानें तो नवऱ्याला दिला, नवऱ्यानें पत्नीला लावला, आणि त्याच वाटेनें तो परत गेला. दिव्याच्या उजेडांत पारा पाहून डॉक्टरानें न्युमोनिया असल्याचें सांगितलें आणि औषध पाठविलें. पुढें तो पुन्हां पाहावयाला आला नाहीं. ती बाई वारली.

ह्या हकीकतींत एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. कागदोपत्रीं येथें उपचार नाकारल्याचें दिसलेंच नसतें. ताप मोजला गेला, निदान झालें, औषध दिलें गेलें, फीहि घेतली गेली. स्पर्श तेवढा झाला नाहीं, आणि दुसरी भेट झाली नाहीं. छातीला कान न लावतां केलेलें निदान आणि पुढची विचारपूस नसलेलें औषध, ह्यांना उपचार म्हणावयाचें कीं नाहीं, हाच तो प्रश्न. आणि पुढें जे कायदे झाले त्यांना ह्याच प्रश्नाचें उत्तर द्यावें लागलें. उलट बाजूचें उदाहरण महाराष्ट्रांत त्याच्याहि आधींचें आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुल्यांनीं अस्पृश्य वस्तींतील आजारी मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत आणलें आणि त्या संसर्गानेंच १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. कायदा अर्थातच असा त्याग मागत नाहीं. तो मागतो तें फार थोडें आहे.

तें किती थोडें, हें पाहूं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाच्या राजवटीचा शेवट झाला व चाकूरसह सारा मराठवाडा मोकळा झाला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंतच, २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं, घटना समितीनें अस्पृश्यता नष्ट करणारें कलम मंजूर केलें. आज तें सतरावें कलम आहे. त्याच दिवशीं आज पंधरावें म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलमावरहि चर्चा झाली. दुकानें, उपाहारगृहें इत्यादि ठिकाणीं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून कोणास मज्जाव करूं नये, असें हें कलम सांगतें. तेव्हां प्रश्न निघाला, कीं ‘दुकान’ म्हणजे काय? त्यांत डॉक्टराचा दवाखाना, वकिलाची कचेरी येते काय? बाबासाहेबांनीं उत्तर दिलें, कीं येते. मागावयास येणाऱ्या कोणालाहि आपली सेवा देण्यास जो बसला आहे, त्याची बसण्याची जागा म्हणजे दुकान. केवळ आंत पाऊल टाकूं देणें एवढाच त्याचा अर्थ नसून, अटी मान्य असतील तर सेवा मिळणें हा त्याचा अर्थ आहे, असेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. वैद्यकाला दुकान म्हटलेलें कित्येक डॉक्टरांना रुचत नाहीं, हें मी जाणतों. परंतु घटनेच्या ह्या एका शब्दांत त्यांचा दवाखाना बसविलेला आहे, आणि तो त्यांच्या मानापमानाकरितां नव्हे, रोग्याच्या हक्काकरितां.

ह्यानंतर अस्पृश्यताविषयक गुन्ह्यांचा कायदा आला. तो १ जून १९५५ पासून अमलांत आला. तेव्हां चाकूर अद्याप हैदराबाद राज्यांत होतें. मराठवाडा मुंबई राज्यांत आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. १९७६ सालीं हाच कायदा कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असें नांव देण्यांत आलें. त्याचें पांचवें कलम प्रत्येक दवाखान्यांत भिंतीवर लावावें अशा योग्यतेचें आहे. सार्वजनिक उपयोगाच्या रुग्णालयांत वा दवाखान्यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणें हा गुन्हा, हा त्याचा पहिला भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे: प्रवेश दिल्यानंतर अशा माणसाच्या बाबतींत भेदभावाचें कोणतेंहि कृत्य करणें, हाहि तितकाच गुन्हा. काठेवाडांतल्या त्या डॉक्टराला गांठणारा भाग हाच. खाट दिली पण संडासाजवळची दिली. गोळ्या दिल्या पण वरून टाकल्या. जखम धुवावयाची ती नातेवाइकालाच धुवावयाला सांगितली. सकाळच्या फेरींत सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या आणि एका खाटेवरचा नुसता कागद पाहिला. हें सारें, कारण तेंच असल्यास, ह्या भागांत येतें. शिक्षा एक महिन्याहून कमी नाहीं व सहा महिन्यांहून अधिक नाहीं, शिवाय दंड. आणि ह्याच कायद्याचें बारावें कलम म्हणतें, कीं असें कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतींत घडलें असल्यास तें अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडलें असें न्यायालयानें धरून चालावें. तसें नव्हतें हें दुसऱ्या पक्षानें दाखवावें. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यांत दुरुस्ती होऊन ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलांत आली, तींतहि रुग्णालय, दवाखाना व प्राथमिक आरोग्य केंद्र ह्यांत जाण्यास अडथळा करणें हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेलें आहे.

येथें एक विचित्र गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लातूर, नांदेड जिल्ह्यांत लमाणांचे तांडे पुष्कळ आहेत. लमाण बाई उपचारासाठीं शेजारच्या बिदर जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या भावाकडे गेली, तर तेथें कर्नाटकांत तिचा समाज अनुसूचित जातींत मोडतो. तेलंगणांत गेली तर तो अनुसूचित जमातींत मोडतो. महाराष्ट्रांत मात्र तो विमुक्त जातींत येतो, आणि वरील दोन कायद्यांनीं अनुसूचित जातिजमातींना जें विशेष संरक्षण दिलें आहे तें तिला येथें मिळत नाहीं. बाई तीच, बोली तीच, दवाखान्यांत तिच्याकडे पाहण्याची नजरहि बहुधा तीच. आपल्याकडे समतेचा एकच सर्वंकष कायदा झालेला नाहीं. ज्या त्या समूहानें झगडून, किंवा एखाद्या आपत्तीनंतर, आपापला कायदा मिळविला. त्यामुळें छप्पर जागोजाग आहे आणि मधून मधून आभाळहि दिसतें.

अशा उघड्या जागीं रोग्याच्या मदतीला येतें तें घटनेचें एकविसावें कलम, म्हणजे जीविताचा हक्क. ह्यासंबंधीं सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक डॉक्टराला ठाऊक असावयास हवेत, कारण दोन्ही ‘पुढें पाठविण्या’विषयीं आहेत. एका स्कूटरवाल्याला मोटारीची धडक बसली. त्याला जवळच्या डॉक्टराकडे नेलें, तेव्हां पोलिसी भानगडीच्या केसेस येथें घेत नाहींत, वीस किलोमीटरांवरच्या रुग्णालयांत न्या, असें सांगण्यांत आलें. तेथें पोंचण्यापूर्वींच तो मेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा हे न्यायालयांत गेले, आणि १९८९ सालीं न्यायालयानें सांगितलें, कीं सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरावर जीव वांचविण्यासाठीं तात्काळ उपचार करण्याचें बंधन आहे. कोणतीहि कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊं शकत नाहीं. दुसरा निकाल १९९६ चा. हकीम शेख नांवाचा शेतमजूर १९९२ च्या जुलैंत बंगालमध्यें आगगाडींतून पडला, डोक्याला मार लागला. कलकत्त्याच्या सरकारी रुग्णालयांनीं त्याला एकामागून एक परत पाठविलें. कोठें खाट नाहीं, कोठें सोय नाहीं. शेवटीं खाजगी रुग्णालयांत सतरा हजार रुपये खर्चून तो वांचला. न्यायालयानें त्याला पंचवीस हजारांची भरपाई देवविली व पैशांची टंचाई हें सरकारला अशा बाबतींत निमित्त होऊं शकत नाहीं असें बजावलें. ह्या दोन्ही प्रकरणांत जातीचा वा धर्माचा प्रश्न नव्हता. म्हणूनच ते निकाल सर्वांच्या उपयोगी पडतात, तांड्यावरच्या बाईच्याहि.

डॉक्टर म्हणतील, आम्हांला रोगी निवडण्याचें स्वातंत्र्य नाहीं काय? आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक नियमांत, येईल त्या प्रत्येकाला तपासण्यास डॉक्टर बांधलेला नाहीं असें म्हटलें आहे. परंतु त्याच नियमांत तांतडीच्या वेळीं हें स्वातंत्र्य राहत नाहीं असेंहि आहे. आणि रोगी व माझें कर्तव्य ह्यांच्या मध्यें धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, राजकारण वा सामाजिक दर्जा येऊं देणार नाहीं, ह्या अर्थाची प्रतिज्ञाहि त्यांतच आहे. जो रोग आपल्या शास्त्रांतला नाहीं तो सोडावा. जो माणूस आपल्या पंक्तींतला नाहीं तो सोडतां येत नाहीं.

आतां भीतीमुळें होणाऱ्या भेदाकडे वळूं. हा भेद करणारा माणूस दुष्ट असतोच असें नाहीं. तो भ्यालेला असतो. १९८९ च्या फेब्रुवारींत गोव्यांत डॉमिनिक डिसूझा ह्या तरुणाला पोलिसांनीं उचलून नेलें. त्यानें रक्तदान केलें होतें आणि त्या रक्तांत एच्. आय्. व्ही.चा संसर्ग आढळला होता, हाच त्याचा अपराध. क्षयरोग्यांसाठीं पूर्वी वापरांत असलेल्या एका इमारतींत त्याला चौसष्ट दिवस एकटें ठेवण्यांत आलें. हें बेकायदेशीर नव्हतें! गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांतच तशी तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील पीठापुढें गेली, तेव्हां तेथेंहि ती तरतूद वैधच ठरली. डॉमिनिक १९९२ सालीं वारला. पण त्यापूर्वीं त्यानें अशा रोग्यांसाठीं एक संस्था उभी केली. पुढें १९९७ सालीं ह्याच मुंबई उच्च न्यायालयानें दुसऱ्या एका प्रकरणांत निर्णय दिला, कीं काम करण्यास समर्थ असलेल्या व इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ ह्या संसर्गावरून नोकरी नाकारणें घटनाविरुद्ध आहे. आठ वर्षांत न्यायालयाची दृष्टि इतकी बदलली. गांवांची दृष्टि बदलण्यास अधिक वेळ लागला. आपल्या लातूर जिल्ह्यांतच, औसा तालुक्यांत हासेगांव येथें, रवि बापटले ह्यांनीं २००७ सालीं अशा अनाथ मुलांसाठीं ‘सेवालय’ काढलें. गांवच्या शाळेंत त्या मुलांना बसविण्याला विरोध झाला.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेला २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्स प्रतिबंध कायदा ह्या सर्वांचें उत्तर आहे. ह्या संसर्गावरून उपचार नाकारणें, थांबविणें, उपचारांत अन्याय्य वागणूक देणें, रोग्याला वेगळें काढणें, आणि उपचारापूर्वीं ही तपासणी सक्तीची करणें, हें सारें त्यानें मना केलें आहे. रोग्याच्या संमतीवांचून तपासणी नाहीं, आणि निकाल इतरांस सांगणें नाहीं. खाटेच्या पायथ्याशीं लाल शाईनें खूण करणें म्हणजे सगळ्या वॉर्डाला तो निकाल वाचून दाखविणें होय.

परंतु हा कायदा केवळ रोग्याच्या बाजूनें बोलून थांबत नाहीं, म्हणून मला तो विशेष आवडतो. परिचारिकेची भीति तो खोटी ठरवीत नाहीं. तिला हातमोजे द्या, शिकवा, सुई टोंचल्यास औषध द्या, असें तो मालकाला बजावतो. संसर्ग असलेल्या रोग्याची सुई टोंचली तर एच्. आय्. व्ही. लागण्याचा संभव हजारांत सुमारें तीन. बहात्तर तासांच्या आंत सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतलेल्या औषधानें तोहि पुष्कळ कमी होतो. लस न घेतलेल्याला बी कावीळ लागण्याचा संभव मात्र शंभरांत सहापासून तीसपर्यंत असतो, आणि त्या रोग्याच्या कपाळावर कांहीं लिहिलेलें नसतें. म्हणून शास्त्र सांगतें, कीं प्रत्येकाचें रक्त दूषित समजूनच वागावें. सर्वांशीं सारखी सावधगिरी ठेवली, म्हणजे कोणाला वेगळें काढण्याचें कारणच उरत नाहीं. येथें शास्त्र आणि समता एकाच दारानें आंत येतात. असा योग फार क्वचित् येतो.

कुष्ठरोगाची कथा ह्याहून जुनी व लांब आहे. कुष्ठरोग्यांना कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं गेलें. औषधानें रोग बरा होऊं लागून तोंपर्यंत कित्येक वर्षें लोटलीं होतीं. मानसिक रोग्यांसाठीं २०१७ चा आणि तृतीयपंथीयांसाठीं २०१९ चा कायदा आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानें तर रांगेंत त्यांना आधीं घ्यावें असें सांगितलें आहे. सर्वांना एकाच रांगेंत उभें करणें म्हणजे समता, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें कलम अवश्य वाचावें. भाषेचेंहि तसेंच. तांड्यावरच्या म्हातारीला प्रमाण मराठींत शस्त्रक्रियेचे धोके सांगून अंगठा घेतला, तर ती संमति कशाची? आणि सज्ञान बाईच्या गर्भपातासाठीं नवऱ्याची सही मागण्याचा जो प्रघात पुष्कळ ठिकाणीं पडला आहे, त्याला १९७१ च्या कायद्यांत आधार नाहीं. संमति तिची एकटीची पुरते.

आणखी एक बाजू उरली. पांढरा डगला घातला म्हणून जात गळून पडत नाहीं. डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजांतील मुलगी मुंबईंत स्त्रीरोगशास्त्राचें उच्च शिक्षण घेत होती; २२ मे २०१९ रोजीं तिनें आत्महत्या केली, आणि तिचा जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून वरिष्ठ विद्यार्थिनींवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीं खटला भरण्यांत आला. दोषादोष ठरविणें न्यायालयाचें काम. पण जी संस्था आपल्याच माणसाला समतेनें वागविते कीं नाहीं ह्याकडे पाहत नाहीं, ती रोग्याशीं समतेनें वागेल हा भरंवसा कोणीं द्यावा? ‘त्या नर्सबाईनें मला हात लावूं नये’ असें एखादा रोगी म्हणतो, तेव्हां तंटा नको म्हणून दुसरीला पाठविणारा वैद्यकीय अधिकारी त्या क्षणीं त्या रोग्याच्या मताला सरकारी शिक्का देत असतो. रोग्याला औषध द्यावें, त्याची ही मागणी मात्र मान्य करूं नये.

तेव्हां ‘लातूरला न्या’ हें वाक्य खरें कोणतें आणि खोटें कोणतें? मला वाटतें, तें चिठ्ठीवरून ओळखतां येतें. खऱ्या चिठ्ठींत रोगी किती वाजतां आला, त्याची नाडी व रक्तदाब काय होता, येथें कोणते उपचार केले, येथें कोणती सोय नाहीं म्हणून पुढें पाठविलें, आणि कोणत्या गाडीनें पाठविलें, हें लिहिलेलें असतें. तपासल्यावांचून हें लिहितां येत नाहीं, आणि तपासण्यासाठीं हात लावावाच लागतो. खोटी चिठ्ठी एका ओळीची असते. पुष्कळदां ती नसतेच, नुसतें बोट दाखविलेलें असतें. डॉक्टरावर खोटा आळ आला तर त्याचा बचावहि तीच चिठ्ठी करते. बाराव्या कलमानें त्याच्या अंगावर टाकलेलें ओझें उतरविण्याला कारणासहित लिहिलेल्या कागदाइतकें दुसरें साधन नाहीं.

रोग्यानें दाद कोठें मागावी हें सांगून पुरें करतों. अस्पृश्यतेच्या व अत्याचाराच्या गुन्ह्यांसाठीं पोलीस ठाणें. डॉक्टराच्या गैरवर्तनासाठीं महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती मुंबईस आहे, चाकूरहून दूर, पण तक्रार लेखी जाते. एच्. आय्. व्ही.च्या बाबतींत वीस किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या प्रत्येक रुग्णालयांत तक्रार अधिकारी नेमण्याचें बंधन आहे. त्याच्यावर राज्यानें नेमावयाचा लोकपाल आहे, आणि जीव धोक्यांत असेल तर त्यानें शक्यतों चोवीस तासांत हुकूम द्यावा असें कायदा म्हणतो. ह्या सर्व ठिकाणीं पहिल्यानें मागितला जातो तो कागद. म्हणून पुढें जावयास सांगितलें तर रोग्याच्या माणसानें गाडी शोधावयास धांवण्याआधीं, कारण व वेळ लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी.